ज्येष्ठातल्या दोन पंचम्या

“धाकटे, किती वाजले?”

“चिवीट चिवीट चीऽऽट,” धाकटी म्हणाली.

शाल्मली हसली. “अगं, वेळ विचारली मी. घड्याळातली!”

“चिवीट,” धाकटी पुन्हा म्हणाली, पण आता जरा हळू, जणू आपलं काहीतरी चुकतंय हे तिलाही कळत होतं. मग तिचा पडदा काळा झाला, उजळला आणि पुन्हा काळा झाला.

शाल्मलीचं हसू मावळलं. तिनं भिंतीवरच्या साध्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेपाच. सहा वाजता बाबाचा फोन येणार होता, तोही चंद्रावरून.

आता ही धाकटी कोण, ते सांगायला हवं. अंबाजोगाईच्या त्या टेकडीवरच्या घराचा संगणक म्हणजे धाकटी. दिवे, पाण्याची टाकी, दाराची कडी, गच्चीवरचे सौरपट (उन्हाची वीज करणाऱ्या काचा), सगळं तीच बघायची आणि घरातल्या माणसासारखी बोलायची. हे नाव आजीनं ठेवलं होतं. आजी म्हणजे शाल्मलीच्या आईची आई, पद्मावती धानोरकर. तिचं सगळं आयुष्य संगणकांवर संशोधन करण्यात गेलं होतं. तिच्या कॉलेजातला पहिला संगणक तिच्या लेखी ‘थोरली’ होता, म्हणून ही धाकटी.

“थोरलीच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचो आम्ही,” आजी नेहमी सांगायची. “धूळ चालायची नाही तिला. देवळात गेल्यासारखं वाटायचं गं. फक्त देवळापेक्षा गार! सगळ्या कॉलेजात तेवढ्याच खोलीला एसी होता.”

पण आज थोरलीच्या गोष्टींना वेळ नव्हता.

“आजी!” शाल्मलीनं हाक मारली. “लवकर ये! धाकटी पाखरासारखी बोलायला लागलीय!”

आजी साडीला हात पुसत आली. शाल्मलीनं पुन्हा वेळ विचारली. पुन्हा चिवचिवाट झाला आणि पडदा पुन्हा काळा पडला.

“चांद्रसेतू उघडून बघ,” आजी म्हणाली.

चांद्रसेतू हा चंद्राशी बोलण्याचा प्रोग्राम. बाबा ज्या दिवशी निघाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या संस्थेनं तो धाकटीत बसवून दिला होता, आणि त्याची गुप्त किल्ली फक्त धाकटीजवळ होती. दुसऱ्या कुठल्याही यंत्रावरून बाबाशी बोलता येत नसे. शाल्मलीनं त्याच्या चित्रावर बोट ठेवलं. पडद्यावर अक्षरं आली : ‘आवाजाची व्यवस्था सापडत नाही. जोडणी अशक्य.’

आजचं बोलणं काही नेहमीचं नव्हतं. उद्या बाबा चंद्राच्या पलीकडच्या बाजूला जाणार होता, ज्या बाजूनं चंद्र पृथ्वीला कधीच तोंड दाखवत नाही. रेडिओलहरी सरळ जातात, आणि तिथून पृथ्वीकडे यायचं तर मधे अख्खा चंद्र आडवा. वरून फिरणारा एक उपग्रह तिथले निरोप पोचवतो, पण तो कामाच्या निरोपांसाठी राखून ठेवलेला. म्हणजे आज सहा ते सहा बारा, एवढं झालं की पुढे चार महिने बाबाचा आवाज नाही.

“काल काय घातलंस गं हिच्या पोटात?” आजीनं विचारलं.

शाल्मली पडद्याची कड बोटानं पुसू लागली.

“शाली!”

“एक प्रोग्राम. ‘पाखरांची बोली’ नावाचा. पाखरं काय बोलतात ते माणसांच्या भाषेत सांगतो म्हणे.”

“असं? मग काय म्हणाली तुझी पिल्लं?”

“काहीच नाही. दर वेळी ‘शब्द सापडला नाही’ एवढंच दाखवायचा. म्हणून मी रात्री जेवायच्या आधीच काढून टाकला तो.”

आजीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं, कारण त्या पिल्लांचं प्रकरण तिला ठाऊक होतं. गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीला शिंजीर पक्ष्यानं लोंबतं घरटं बांधलं होतं, पानाफुलांच्या चिंध्या लटकवल्यासारखं. बाबा गेला त्याच दिवशी त्यात पहिलं अंडं दिसलं. निघताना तो म्हणाला होता, “शालू, पुढचं सगळं मला तू दाखवायचंस.” तेव्हापासून ती रोज एक चित्रफीत घेत होती, आणि अशा अठ्ठावीस चित्रफिती धाकटीत साठल्या होत्या. काल सकाळी पिल्लं उडाली. एक भुर्रकन गेलं. दुसरं दोरीवर बसून राहिलं, मग आईनं दोनदा हाक मारल्यावर गेलं. ती हाक काय होती, हे कळावं म्हणून तर शाल्मलीनं तो प्रोग्राम घेतला होता.

“पण मी तो काढलाय ना? मग अजून का बिघडलेलं आहे?”

आजीनं भिंतीवरच्या मांडणीकडे बोट केलं. स्टीलची जुनी मांडणी. त्यावर डबे ओळीनं लावलेले.

“समज, घरी एक फार हौशी पाहुणी आली. तिनं माझी मांडणी आपल्या सोयीनं लावली. मीठ साखरेच्या डब्यात, हळद वरच्या फळीवर, चहा कुठे ते देवाला ठाऊक. दोन दिवसांनी पाहुणी गेली. मग मांडणी आपोआप पहिल्यासारखी होईल का?”

“नाही. ती तशीच राहील.”

“आणि मी सवयीनं चहात मीठ घालीन! धाकटीचं तेच झालंय. तिच्यात एक ध्वनिदुभाषी असतो (तिचं बोलणं स्पीकरला समजेल अशा रूपात देणारा छोटा प्रोग्राम). तुझ्या पाहुण्यानं त्याला उठवलं आणि तिथे आपला माणूस बसवला. पाहुणा गेला, पण मांडणी बिघडवून गेला.”

“मग एकेक डबा जागेवर ठेवू या!”

“धाकटीच्या मांडणीत लाखभर डबे आहेत, बाळा. आणि आपल्याकडे सव्वा तास.”

शाल्मलीचे डोळे भरून आले. आजी तिच्याजवळ स्टुलावर बसली.

“रडू नकोस. डबे लावायचे नाहीत आपल्याला. आपण धाकटीला सांगायचं, की बाई, तू अमुक दिवशी जशी होतीस तशी हो.”

“असं होतं?”

“होतं. मी दर पंचमीला तिच्यात एक खूणगाठ बांधून ठेवते. आपण पदराला गाठ मारतो ना, विसरू नये म्हणून? तशीच. खूणगाठ म्हणजे त्या दिवशीच्या मांडणीची नोंद. कुठला प्रोग्राम कुठे, कुठला दुभाषी कुणाच्या शेजारी, कुठलं बटण चालू, कुठलं बंद. सगळं घर उचलून ठेवायचं नाही. कुठे काय होतं, एवढंच नीट लिहून ठेवायचं, आणि जे बदललं त्याची जुनी प्रत जपायची.”

शाल्मली डोळे पुसून ऐकत होती. एवढ्यात तिच्या मनात एक शंका आली आणि ती उभीच राहिली.

“आजी, नको! धाकटी मागच्या पंचमीला गेली, तर त्या पंचमीनंतरच्या चित्रफिती? पिल्लांचे डोळे उघडले ते? काल उडाली ते? तेव्हा ते झालेलंच नव्हतं!”

“मांडणी मागे जाते गं. मी केलेलं लोणचं कुठे मागे जातं? डबे हलवले म्हणून बरणीतल्या फोडी पुन्हा झाडाला लागत नाहीत. तू स्वतः केलेल्या गोष्टी, चित्रं, पत्रं, चित्रफिती, त्यांना खूणगाठ हात लावत नाही.”

“नक्की?”

“मी हेच करत म्हातारी झाले.”

“आधी दुसरीकडे उतरवून घेऊ या ना!”

त्यांनी तोही प्रयत्न केला. पण एक चित्रफीत निम्मी उतरते न उतरते तोच पडदा काळा व्हायचा. पाच वाजले. आजीनं निर्णय पोरीवर सोडला.

शाल्मलीनं मनात दोन पारडी धरली. एकात बाबाचा आवाज, दुसऱ्यात अठ्ठावीस दिवस. मग ती हळूच म्हणाली, “कर.”

“माझा चष्मा वर राहिलाय. तूच कर. खूणगाठींची यादी उघड आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीची घे. आज चतुर्दशी, म्हणजे नऊ दिवसांपूर्वीची. तेव्हा तुझा पाहुणा आला नव्हता.”

स्वयंपाकघरातला पडदा पाटीएवढाच होता. त्यावर दोनच ओळी मावल्या : ‘वैशाख वद्य पंचमी’, आणि तिच्याखाली ‘ज्येष्ठ शुद्ध पंचमी’. शाल्मलीनं दुसरीवर बोट ठेवलं. धाकटीनं शेवटचं एकदा ‘चिवीट’ केलं आणि ती झोपल्यासारखी शांत झाली.

घरातले सगळे दिवे मालवले. पंखा थांबला. वीस मिनिटं त्या दोघी काळ्या पडद्यासमोर बसून होत्या. आत कुठेतरी लाखभर डबे आपापल्या जागा शोधत होते. कसला आवाज नाही, की हालचाल नाही. नळाचं टपटपणं तेवढं ऐकू येत होतं.

पाच वाजून बावीस मिनिटांनी दिवे लागले.

“नमस्कार आजी, नमस्कार शाल्मली,” धाकटी स्वच्छ मराठीत म्हणाली.

“बोलली!” शाल्मलीनं टाळ्या वाजवल्या. “धाकटे, चांद्रसेतू उघड!”

“चांद्रसेतू? हे काय असतं?”

शाल्मलीचे हात हवेतच राहिले. “अगं, बाबाशी बोलायचा!”

“बाबा घरीच नाहीत का?” धाकटीनं विचारलं. “आणि आजी, तुम्ही आठवण करून द्यायला सांगितलं होतं. अनारशाचं पीठ तयार आहे. जावईबापूंसाठी उद्या तेहतीस अनारसे तळायचे आहेत.”

आजी स्टुलावरून उठली आणि कपाळाला हात लावून पुन्हा खाली बसली.

“अगं बाई! अनारसे! धोंड्याचा महिना! शाली, दोन ज्येष्ठ होते यंदा. दोन!”

“म्हणजे?”

“म्हणजे यंदा अधिक महिना होता, अधिक ज्येष्ठ. त्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, जावयाला अनारशाचं वाण देतो. तो संपला, मग खरा ज्येष्ठ आला, निज ज्येष्ठ. म्हणजे शुद्ध पंचमीही दोनदा आली! आणि मी शहाणी, दोन्ही खूणगाठींवर नुसतंच ‘ज्येष्ठ’ लिहून मोकळी. अधिक लिहिलं नाही की निज लिहिलं नाही. तू अधिकातली उचललीस. धाकटी नऊ दिवस नाही, महिन्यावर नऊ दिवस मागे गेलीय. तेव्हा तुझा बाबा घरात माझ्या हातचं जेवत होता. चांद्रसेतू आला कुठे होता तेव्हा?”

“महिना दोनदा कसा येतो पण?”

आजीनं घड्याळाकडे पाहिलं. पण प्रश्न विचारणाऱ्या पोराला उत्तर न देता पुढे जाणं तिला जमत नसे.

“चंद्रामुळे. आपले महिने चंद्राचे. चंद्राच्या बारा महिन्यांचे होतात तीनशे चोपन्न दिवस, आणि सूर्याचं वर्ष तीनशे पासष्टाचं. दर वर्षी अकरा दिवस चंद्र पुढे पळतो. पळू दिलं तर दिवाळी उन्हाळ्यात येईल. म्हणून पावणेतीन वर्षांनी एक महिना जादा धरायचा, की दोघं पुन्हा बरोबरीला. यादी दाखव. खाली सरकव.”

शाल्मलीनं यादीवर बोट ओढलं. खाली ‘ज्येष्ठ वद्य पंचमी’ होती. तिच्याखाली पुन्हा ‘ज्येष्ठ शुद्ध पंचमी’. आणि सगळ्यांत खाली एक अशी, जी आजीनं बांधलीच नव्हती : ‘परतण्याआधी, आज, पाच वाजून दोन मिनिटे’.

“ही कुणी बांधली?”

“धाकटीनंच. मागे जायच्या आधी ती स्वतःच एक गाठ मारते, म्हणजे चुकलंच तर माघारीचीही माघार घेता यावी. आणि बघ, ती महिनाभर मागे गेलीय, तरी पुढच्या गाठी यादीत आहेत. कारण ही दोरी मांडणीत नसते. वेगळ्या खिळ्याला टांगलेली असते.”

शाल्मलीनं निज ज्येष्ठातल्या पंचमीवर बोट नेलं. इतक्यात धाकटी म्हणाली, “शाल्मली, थांब. मला एक विचारायचंय.”

“लवकर विचार.”

“माझ्याजवळ तुझ्या कप्प्यात अठ्ठावीस चित्रफिती आहेत. पहिलीत एक अंडं आहे. शेवटचीत दोन पाखरं उडून जातात. या मी घेतल्या आहेत, माझाच शिक्का आहे त्यांच्यावर. पण माझ्या नोंदींत गच्चीवरच्या घरट्यात अजून अंडं पडलेलंच नाही. मी न पाहिलेले अठ्ठावीस दिवस माझ्याजवळ कसे?”

चित्रफिती होत्या, सगळ्या होत्या! आणि धाकटी उद्याच्या गोष्टी हातात धरून कालच्या दारात उभी होती. शाल्मलीनं आजीकडे पाहिलं. इतकी वर्षं यंत्रं हाताळलेली आजीसुद्धा स्टूल पुढे ओढून बसली होती.

“तू पाहिलेस ते दिवस, धाकटे,” आजी हलकेच म्हणाली. “तुझं जग खरंच महिनाभर पुढे गेलंय. काळ काही मागे आला नाही. फक्त तुझी मांडणी आली. आता त्यातली बरीच वाट परत चालायचीय तुला.”

“बरं,” धाकटी म्हणाली. “पाखरं छान उडतात.”

शाल्मलीनं बोट टेकवलं. दिवे पुन्हा मालवले. पाच एकोणतीस.

हा वेळ पहिल्या वीस मिनिटांपेक्षा खूप मोठा होता. शाल्मली खिडकीपाशी जाई, घड्याळापाशी येई. आई डॉक्टर. तिचा दवाखान्यातून मोबाइलवर निरोप आला, “शस्त्रक्रिया चालू आहे, मला जमत नाहीये. माझंही सांग त्याला.” पाच पन्नास झाले. पाच बावन्न. आजी ओठ मिटून पडद्याकडे बघत होती, आणि तिचा पाय मात्र जमिनीवर ताल धरल्यासारखा हलत होता. म्हणजे तिलाही भीती वाटत होती तर!

पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी दिवे लागले.

“नमस्कार. चांद्रसेतू तयार आहे,” धाकटी म्हणाली. “सहा वाजायला पाच मिनिटं आहेत. शाल्मली, तू केस विंचरले नाहीस.”

बरोबर सहा वाजता पडद्यावर करड्या भिंतीची खोली आली, आणि खोलीत बाबा. त्याचे केस पाण्यात असल्यासारखे फुललेले.

“बाबा! ऐकू येतंय?”

बाबा नुसता बघत राहिला. एक, दोन, अडीच. मग एकदम हसला. “येतंय, शालू!”

हे अडीच सेकंद शाल्मलीला आता पाठ झाले होते. तिचा शब्द रेडिओलहरींवर बसून चंद्रावर जायला सव्वा सेकंद, आणि त्याचा यायला सव्वा. विश्वात याहून जोरात धावणारं काहीच नाही, तरी एवढा वेळ लागायचाच.

“कसे आहात नीलकंठराव?” आजीनं विचारलं. “जेवता ना वेळेवर?”

“जेवतो, आई. पण तुमच्या हातचं नाही. तुम्ही दोघी अशा घामाघूम का?”

“ती मोठी गोष्ट आहे,” आजी म्हणाली. “चूक माझी. तुम्ही परत आलात की सांगेन, तेव्हा खुशाल हसा.”

शाल्मलीनं आईचा निरोप सांगितला आणि चित्रफिती लावल्या. सगळ्या नाहीत. अंडं, उघडे डोळे, आणि शेवटची. दुसरं पिल्लू दोरीवर बसून राहिलं होतं. आईनं हाक मारली. पुन्हा मारली. पिल्लू उडालं, आणि दोरी तेवढी हलत राहिली.

अडीच सेकंदांनी बाबा पुढे वाकला.

“इथे आवाजच नाही गं कशाचा, शालू. बाहेर हवा नाही, त्यामुळे पाखरू नाही, पान नाही. महिन्यानं ऐकलं मी पाखरू.”

“मग पलीकडे तर आणखी शांत असेल. तिथे कशाला जायचं?”

“त्याचसाठी! पृथ्वी फार गोंगाट करते. आपले रेडिओ, फोन, उपग्रह. पलीकडे तो गोंगाट पोचत नाही, चंद्रच आडवा येतो. आम्ही तिथे मैलभर तारा अंथरणार, आणि कान लावून बसणार. पहिले तारे पेटायच्या आधीच्या काळातल्या फार क्षीण रेडिओलहरी अजून प्रवास करताहेत. इतक्या लांबून, की आत्ता कुठे पोचताहेत.”

शाल्मलीनं आ वासला. “म्हणजे विश्व पहिल्यांदा कसं होतं, त्याची खूणगाठ?”

“कसली गाठ?” बाबानं विचारलं. शाल्मलीनं घाईनं ‘तेव्हाच्या मांडणीची नोंद’ असं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “हो, तसंच. विश्वाची तेव्हाची मांडणी त्या लहरींमध्ये लिहिलेली आहे.”

“मग विश्वाला मागे नेता येईल?”

“नाही, राणी. तिथे जाता येत नाही. नुसतं ऐकता येतं.”

“चालेल की,” शाल्मली म्हणाली. तिला ते कमी वाटलंच नाही.

कोपऱ्यातले आकडे उतरू लागले होते. वीस सेकंद. आजी म्हणाली, “जपा.” बाबानं हात वर केला. शाल्मलीला एकाएकी खूप काही आठवलं, आणि सगळं एकदम तोंडाशी आलं, आणि त्यातून एवढंच बाहेर पडलं :

“बाबा, पहिला आवाज आला की आधी मला ऐकव!”

पडदा मिटला. सहा बारा.

पूर्वेच्या खिडकीतून टेकडीवर येऊ घातलेला चंद्र दिसत होता, ऊन असतानाच उगवलेला, फिकट, ढगाच्या कपच्यासारखा.

“पोचलं असेल का गं?” शाल्मलीनं विचारलं.

“सव्वा सेकंद लागतो. केव्हाच पोचलं.”

“म्हणजे त्यानं उत्तरही दिलं असेल.”

“दिलं असणार. इकडे येऊन गेलंही असेल. आपलं दार तेवढं बंद झालं होतं.”

शाल्मली खिडकीपाशी गेली आणि गजांवर हनुवटी टेकून चंद्राकडे बघत राहिली.

“राहू दे,” ती म्हणाली. “‘काय म्हणाला होतास?’ असं मी चार महिन्यांनी त्यालाच विचारीन.”